सामुदायिक बीज बँक

सामुदायिक बीज बँक म्हणजे गावातील किंवा परिसरातील शेतकऱ्यांनी, विशेषतः शेतकरी महिलांनी, स्थानिक पिकांचे बियाणे एकत्र साठवून, त्याची देवाणघेवाण करून आणि ते दर हंगामात पुन्हा पेरून जतन करण्याची व्यवस्था होय. तिला बियाणे बँक किंवा बीजकोश असेही म्हणतात. येथे प्रामुख्याने पारंपरिक सरळ वाणांचे म्हणजेच गावरान वाणांचे बियाणे असते. भाजीपाल्यात वाल, घेवडा, वांगी, मिरची, भोपळा, दोडका, काकडी, भेंडी, माठ इत्यादींचे स्थानिक वाण तिच्यात आढळतात.

पार्श्वभूमी

घरचे बियाणे राखणे हा शेतीचा मूळ भाग होता. चांगले फळ बियाण्यासाठी वेलावरच राखून ठेवणे, बी राखेत मिसळून मडक्यात भरणे, मडक्याचे तोंड शेणमातीने लिंपणे, वालाच्या शेंगांच्या जुड्या चुलीवरच्या आढ्याला टांगणे या पद्धती महाराष्ट्राच्या अनेक भागांत रूढ होत्या. बियाण्याची निवड आणि साठवण बहुधा घरातील स्त्रिया करीत. शेजारी व नातलगांना दिल्या जाणाऱ्या वानवळ्याबरोबर बियाणेही एका गावातून दुसऱ्या गावी जाई.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुधारित व संकरित वाणांचा प्रसार झाला. एकसारखी फळे, अधिक उत्पादन आणि वाहतुकीत टिकाऊपणा या गुणांमुळे बाजारासाठी भाजीपाला पिकविणाऱ्यांनी संकरित वाण स्वीकारले. परंतु संकरित पिकाच्या बियांपासून पुढच्या पिढीत एकसारखी झाडे येत नाहीत. त्यामुळे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. घरचे बियाणे काही हंगाम पेरले गेले नाही की त्याची उगवणक्षमता संपते आणि शेजारीही ते नसेल तर तो वाण परिसरातून नाहीसा होतो. एका घरातील खंडामुळे वाण नष्ट होऊ नये, यासाठी तो अनेक घरांत विभागून ठेवणे हे सामुदायिक बीज बँकेचे मूळ तत्त्व आहे.

कार्यपद्धती

बीज बँकेचे व्यवस्थापन साधारणतः गावातील समिती किंवा महिलांचा बचत गट करतो. सभासदाला हंगामापूर्वी बियाणे विनामूल्य किंवा अल्प शुल्कात दिले जाते. पीक निघाल्यावर घेतलेल्या बियाण्याच्या दीडपट किंवा दुप्पट बियाणे परत करावे, अशी अट अनेक ठिकाणी असते. वाढीव बियाणे नव्या सभासदांना दिले जाते. प्रत्येक वाणासाठी स्थानिक नाव, मूळ गाव, पेरणीचा काळ, फळांचे गुणधर्म, उपयोग आणि बियाणे देणाऱ्याचे नाव नोंदवहीत लिहिले जाते. परत आलेले बियाणे साठवणीपूर्वी तपासले जाते. ठरावीक संख्येतील बिया ओल्या फडक्यात गुंडाळून काही दिवसांनी किती उगवल्या हे मोजण्याची पद्धत यासाठी वापरली जाते.

भाजीपाल्याचे बियाणे राखणे

धान्याच्या तुलनेत भाजीपाल्याचे शुद्ध बियाणे राखणे अधिक कठीण असते. भाजी कोवळेपणी तोडली जाते, तर बियाण्यासाठी फळ पूर्ण पक्व व्हावे लागते. वांगे पिवळे पडेपर्यंत, भेंडी व दोडका झाडावर वाळेपर्यंत ठेवतात. त्यामुळे बियाण्यासाठी काही झाडे किंवा फळे सुरुवातीलाच राखून ठेवावी लागतात. पहिली जोमदार फळे खाण्यात जाऊन शेवटची खुरटी फळे बियाण्यासाठी उरली, तर काही वर्षांत वाणाचा दर्जा खालावतो.

परागणाच्या पद्धतीनुसार काळजी बदलते. टोमॅटो, वाटाणा, चवळी आणि मेथी ही मुख्यतः स्वपरागित पिके असून त्यांचे वाण थोड्या अंतरावरही शुद्ध राहू शकतात. वांगी, मिरची आणि भेंडी यांत कीटकांमुळे काही प्रमाणात परपरागण होते. भोपळा, दुधी, दोडका, काकडी व कारले यांत नर व मादी फुले वेगळी असतात आणि परागण मधमाश्या व इतर कीटकांमार्फत होते. एकाच पिकाचे दोन वाण जवळ लावल्यास बियाण्यात भेसळ होते, मात्र काकडी आणि भोपळा यांसारख्या भिन्न जातींचा आपसांत संकर होत नाही. भेसळ टाळण्यासाठी पुरेसे अंतर राखतात, एका गावात एकच वाण लावतात किंवा हाताने परागण करतात. यासाठी उमलण्याच्या बेतात असलेली मादी फुले दोऱ्याने किंवा कागदी पिशवीने बंद करतात. ती उमलण्याच्या वेळी त्याच वाणाच्या नर फुलाचे पराग लावून पुन्हा झाकतात. भोपळ्याची फुले सकाळी, तर दुधी व दोडक्याची सायंकाळी उमलतात. त्यानुसार कामाची वेळ ठरते.

टोमॅटो व काकडीच्या बिया गरासह एकदोन दिवस आंबवून धुतात, त्यामुळे बीवरील बुळबुळीत आवरण निघून जाते. वाल, भेंडी व मिरचीच्या बिया वाळलेल्या फळांतून काढतात. बी नेहमी सावलीत किंवा सौम्य उन्हात वाळवितात. साठवणीत ओलावा व उष्णता हे मुख्य शत्रू होत. बियाण्यातील ओलावा एक टक्क्याने कमी केल्यास त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा बीजशास्त्रातील ढोबळ नियम आहे. कांद्याचे बी सामान्य तापमानात एकदोन वर्षांतच निकामी होते, तर वांगी, टोमॅटो व वेलवर्गीय भाज्यांचे बी नीट वाळविल्यास काही वर्षे टिकते. कोकण आणि सह्याद्रीच्या पावसाळी भागात हवेतील दमटपणामुळे हवाबंद डबे व राखेचा उपयोग विशेष महत्त्वाचा ठरतो.

महाराष्ट्रातील उदाहरण

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई सोमा पोपेरे यांची बीज बँक राज्यात सर्वाधिक परिचित आहे. महादेव कोळी समाजातील पोपेरे यांना औपचारिक शालेय शिक्षण मिळाले नव्हते. त्यांनी परिसरातील वाल-घेवडा व इतर पिकांचे गावरान वाण गोळा केले आणि बायफ या संस्थेच्या साहाय्याने बीज बँक उभी केली. पुढे कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समितीच्या माध्यमातून हे काम विस्तारले. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना 'बीजमाता' म्हटले आणि त्या याच नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. २०१८ साली बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचा समावेश झाला. त्यांना २०१८ चा नारीशक्ती पुरस्कार व २०२० चा पद्मश्री पुरस्कार मिळाला.

भारतातील इतर उपक्रम

उत्तराखंडातील टिहरी गढवाल भागात १९८० च्या दशकात विजय जरधारी व सहकाऱ्यांनी 'बीज बचाओ आंदोलन' सुरू केले. वंदना शिवा यांनी १९८७ साली 'नवधान्य' चळवळीचा आरंभ केला. तेलंगणातील झहीराबाद परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघमांनी भरडधान्ये व कडधान्यांचे बियाणे गावोगावी राखले.

सरकारी जनुक पेढ्यांशी संबंध

नवी दिल्ली येथील राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्युरोमध्ये चार लाखांहून अधिक नमुने ठेवलेले आहेत. तेथील दीर्घकालीन साठवण सुमारे उणे १८ अंश सेल्सिअस तापमानाला होते. अशा पेढीतील बी दीर्घकाळ टिकते, परंतु त्या काळात ते बदलत्या हवामानाच्या व रोगांच्या संपर्काबाहेर राहते. सामुदायिक बीज बँकेतील बी मात्र सतत शेतात असल्याने स्थानिक परिस्थितीशी जुळवून घेत राहते. दुसरीकडे दुष्काळ, पूर किंवा कीड यांमुळे गावातील साठा एकाच हंगामात नष्ट होऊ शकतो. त्यामुळे या दोन्ही व्यवस्था परस्परपूरक मानल्या जातात.

कायदेशीर स्थिती

पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ मधील कलम ३९ नुसार शेतकऱ्याला संरक्षित वाणाचेही बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचा हक्क आहे. मात्र संरक्षित वाणाचे बियाणे नाममुद्रेच्या वेष्टनात विकता येत नाही. या कायद्यानुसार शेतकऱ्यांना आपल्या पारंपरिक वाणांची नोंदणी करता येते. पारंपरिक वाण जपणाऱ्या शेतकऱ्यांना व समुदायांना पुरस्कार देण्याची तरतूदही केलेली आहे. बियाणे राखण्यासंबंधीचे शेतकरी हक्क २००१ साली स्वीकारलेल्या अन्न व शेतीसाठीच्या वनस्पती जनुकीय संसाधनांवरील आंतरराष्ट्रीय करारातही मान्य केले आहेत.

मर्यादा

अनेक बीज बँका संस्थांच्या निधीवर उभ्या राहतात आणि प्रकल्प संपल्यावर मंदावतात. गावरान भाज्यांना मोठ्या बाजारात स्थिर मागणी नसणे, काही वाणांचे कमी उत्पादन, बियाण्यातील भेसळ आणि बियाण्यातून पसरणारे रोग या प्रमुख अडचणी आहेत. वाणाचे नाव, त्याची चव आणि पेरणीची वेळ यांचे ज्ञान बहुधा वृद्ध स्त्रियांकडे असते. त्याची नोंद झाली नाही तर डब्यात बी उरूनही ते कधी व कसे पेरावे हे माहीत नसण्याची स्थिती उद्भवते. म्हणूनच बीज बँकेचे यश केवळ साठविलेल्या वाणांच्या संख्येवरून न मोजता त्यांपैकी किती वाण दरवर्षी शेतात व परसबागेत पेरले जातात, यावरून मोजावे असे मानले जाते.

हे सुद्धा पहा

जैवविविधता
परसबाग
राहीबाई पोपेरे
सेंद्रिय शेती