स्पीड ब्रेकर महामार्गावर कसा पोचला?

बीडहून धाराशिवकडे निघालात की वाटेत चौसाळा लागतं. सोलापूर–धुळे महामार्गावरचं हे गाव. हा रस्ता आधी राष्ट्रीय महामार्ग २११ म्हणून ओळखला जायचा, नव्या क्रमांकानुसार तो ५२ झाला. या पट्ट्यातल्या रस्त्यावर काय काय चालतं ते तुम्हाला सांगायला नको. कंटेनर, एसटी, लग्नाच्या गाड्या, शाळेची पोरं, दुचाकीवर तिघं-तिघं, आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांचे संसार घेऊन कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर. अशा रस्त्यावरच्या कुठल्याही गावात मोठा अपघात झाला की रास्ता रोको होतो, आणि मागणी बहुतेक वेळा एकच असते : "इथं ब्रेकर टाका."

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रांनो, या मागणीत एक प्रश्न दडलाय. ब्रेकर टाकल्याने रस्ता खरंच सुरक्षित होतो का? प्रश्न सोपा वाटतो. पण त्याचं उत्तर शोधायच्या आधी हे साधन कुठे जन्मलं, कोणत्या रस्त्यासाठी जन्मलं आणि आपल्याकडे कसं आलं हे बघावं लागतं. तो इतिहास कळला नाही तर तुमचा सिनॉप्सिस पहिल्याच प्रश्नाला अडखळेल.

आधी उंचवटा हाच धोका होता

वाहतुकीला शिस्त लावणारी साधनं मोटारीपेक्षा जुनी आहेत. डिसेंबर १८६८ मध्ये लंडनच्या संसदेजवळ पहिला सिग्नल बसला. तो सुचवणारे जे. पी. नाईट हे रेल्वेचे सिग्नल अभियंते. दिवसा रेल्वेसारखे हात वर-खाली व्हायचे, रात्री गॅसचे दिवे लागायचे, आणि हे सगळं पोलीस हाताने चालवायचा. महिनाभरातच, जानेवारी १८६९ मध्ये, गॅसचा स्फोट होऊन तो चालवणारा पोलीस जखमी झाला. विजेवर चालणारा सिग्नल अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये ऑगस्ट १९१४ मध्ये आला.

त्याआधी १९०९ मध्ये पॅरिसला मोटार वाहतुकीवर आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात धोक्याच्या फक्त चार चित्रखुणा ठरल्या : वळण, चौरस्ता, रेल्वे फाटक आणि रस्त्यावरचा खाचखळगा किंवा उंचवटा. म्हणजे १९०९ मध्ये उंचवटा ही चालकाला सावध करण्याची गोष्ट होती. तोच उंचवटा मुद्दाम बांधायची कल्पना त्यानंतर जवळपास अर्ध्या शतकाने रुजली.

नोबेलवाल्या शास्त्रज्ञाचा ब्रेकर

भौतिकशास्त्र शिकलेल्यांना कॉम्प्टन परिणाम माहीत असतो. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरले की त्यांची तरंगलांबी वाढते, हे दाखवल्याबद्दल आर्थर हॉली कॉम्प्टन यांना १९२७ चं नोबेल मिळालं. हेच कॉम्प्टन पुढे सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आवारातल्या रस्त्यावरून गाड्या भरधाव जातात हे त्यांना खटकत होतं. म्हणून १९५३ मध्ये त्यांनी वेग कमी करायला लावणारे उंचवटे तयार केले.

इथे एक गोष्ट वहीत लिहून ठेवा : जागा विद्यापीठाचं आवार होती. वेग मुळातच मर्यादित, पायी चालणारे भरपूर, आणि रस्ता एकाच संस्थेच्या ताब्यात.

दुसरा टप्पा इंग्लंडमधला. तिथल्या सरकारी रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स नावाच्या संशोधकाने वेगवेगळ्या आकारांचे उंचवटे बांधून त्यावरून निरनिराळी वाहनं नेली आणि १९७३ मध्ये अहवाल दिला. त्यातला निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे. उंचवटा आखूड असेल तर गाडी जोरात नेल्यावर सस्पेन्शन धक्का गिळून टाकतं आणि आत बसलेल्याला त्रास उलट कमी जाणवू शकतो. उंचवटा लांब आणि गोलसर असेल तर वेग वाढेल तसा त्रास वाढत जातो. त्यातून जो आकार पुढे आला तो साधारण ३.७ मीटर लांब आणि १० सेंटीमीटर उंच.

तरीही इंग्लंडने हा आकार लगेच सगळीकडे लावला नाही. आधी ठरावीक रस्त्यांवर चाचण्या झाल्या, मग १९८३ मध्ये नियम आले. तेही ताशी ३० मैल वेगमर्यादेच्या रस्त्यांपुरते.

जयकर, नागपूर आणि १९८८

आता आपल्याकडे येऊ. पुण्यातल्या विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात तुमच्यापैकी अनेकजण बसले असतील. ज्यांच्या नावाने ते ग्रंथालय आहे ते डॉ. मुकुंद रामराव जयकर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. पण भारतातल्या रस्त्यांच्या इतिहासातही त्यांचं नाव येतं. १९२७ मध्ये देशातल्या रस्त्यांचा विचार करायला नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. त्या समितीच्या शिफारशींमधूनच पेट्रोलवरच्या जादा करावर चालणारा केंद्रीय रस्ते निधी १९२९ मध्ये उभा राहिला आणि डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्थापन झाली. आज फलक केवढा असावा, पट्टा कुठे मारावा, ब्रेकर किती उंच असावा हे सगळं याच संस्थेच्या संहितांमध्ये लिहिलेलं असतं.

१९४३ मध्ये नागपुरात मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. तिथे रस्त्यांची उतरंड ठरली : राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, गावरस्ते. लांबच्या वाहतुकीचा रस्ता वेगळा आणि गावातला रस्ता वेगळा, ही त्यामागची समजूत. कागदावर ती बरोबरच आहे. अडचण अशी की महामार्गावरच्या गावात एकच डांबरी पट्टा दोन्ही कामं करतो. कंटेनरवाल्याला तो सोलापूर गाठायचा रस्ता असतो, आणि गावातल्या आजीला दवाखान्यात जाताना ओलांडायची गल्ली.

या उतरंडीतच १९८८ ची ब्रेकरविषयीची संहिता बसते. तिचा क्रमांक ९९. तिच्या शीर्षकातच लिहिलंय की ही मार्गदर्शक तत्त्वं दुय्यम रस्त्यांसाठी आहेत. आकार तोच, ३.७ मीटर आणि १० सेंटीमीटर. गाडीने तो ताशी २५ किलोमीटरच्या आसपास ओलांडावा ही अपेक्षा. रंगवायची पद्धत काळे-पांढरे पट्टे. आणि पहिल्या ब्रेकरच्या ४० मीटर आधी सूचनाफलक.

४० मीटरचं गणित

हे ४० मीटर महामार्गावर नेऊन बघा. गाडी ताशी ८० किलोमीटरने येतेय, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. ४० मीटर कापायला तिला १.८ सेकंद लागतात. आपल्याच संहिता चालकाला धोका दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत २.५ सेकंद धरतात. म्हणजे फलकापाशी पोचल्यावर ज्याला कळलं, तो ब्रेक दाबायच्या आधीच ब्रेकरवर असतो.

ताशी ८० वरून पूर्ण थांबायला १२० मीटर धरले जातात. कुणी म्हणेल, थांबायचं कुठे आहे, २५ वर तर यायचंय. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गात बदलते. ८० ला जेवढी ऊर्जा असते तिचा जेमतेम दहावा हिस्सा २५ ला उरतो. म्हणजे २५ वर येणं हे जवळजवळ थांबण्याइतकंच काम आहे.

दिवसा, मोकळ्या रस्त्यावर फलक लांबूनच दिसतो, तेव्हा हे निभतं. रात्री फलकाचा परावर्तक कागद निघालेला, पट्ट्यांचा रंग उडालेला आणि पुढे उसाने भरलेली ट्रॉली असेल तर निभत नाही. राष्ट्रीय महामार्गावर ब्रेकर नकोत, असं केंद्रीय रस्ते मंत्रालय राज्यांना सांगत आलंय, ते यासाठीच. संहितेतले आकडे चुकीचे नाहीत. ते वेगळ्या रस्त्यासाठी काढलेले आहेत.

चालक काय शिकतो?

फलक, पट्टा किंवा सिग्नल गाडी थांबवत नाही, चालक थांबवतो. आणि चालक प्रत्येक साधनावर आधीच्या अनुभवानुसार विश्वास ठेवतो. 'पुढे गतिरोधक आहे' असा फलक दिसला आणि पुढे काहीच नव्हतं, असं दहा वेळा झालं की अकराव्या वेळी पाय ब्रेकवर जात नाही. उलट फलकाशिवायचा ब्रेकर दोन-तीनदा अंगावर आला की चालक रस्त्याकडे कमी आणि पुढच्या डांबराच्या रंगाकडे जास्त बघू लागतो.

अपघातानंतर घाईने टाकलेले ब्रेकर बहुतेक आखूड आणि उभट असतात. वॉट्सचा निष्कर्ष आठवा. मऊ सस्पेन्शनची मोठी गाडी तो वेगात पार करू शकते. दुचाकीवाल्याला मात्र तो हिसका पूर्ण बसतो, आणि मागे आडवं बसलेल्या बाईला सगळ्यात जास्त. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा जेमतेम २ टक्के, पण मृत्यूंमध्ये ३६ टक्के. म्हणून "ब्रेकरने वेग कमी झाला का?" एवढं विचारून भागत नाही. कुणाचा कमी झाला आणि त्याची किंमत कुणी मोजली, हेही मोजावं लागतं.

आधी-नंतरचा सापळा

आता पद्धतीबद्दल. बरेच विद्यार्थी असा आराखडा घेऊन येतात : ब्रेकर बसवायच्या आधीचे अपघात, नंतरचे अपघात, वजाबाकी, निष्कर्ष. यात एक मोठी चूक दडलेली असते.

समजा १०० जागा आहेत आणि प्रत्येक जागी वर्षाला सरासरी ३ अपघात होतात. सगळ्या जागा सारख्याच धोकादायक. तरी निव्वळ योगायोगाने एखाद्या वर्षी त्यातल्या आठेक जागी ६ किंवा जास्त अपघात दिसतील. पॉयसन वितरणाने हे तुम्ही स्वतः पडताळू शकता. उपाय कुठे होतो? साहजिकच त्या आठ जागी. पुढच्या वर्षी तिथे पुन्हा ३ च्या आसपास अपघात होतात आणि आपण म्हणतो, ब्रेकरने अपघात निम्मे केले. काहीच केलं नसतं तरी ते निम्मे झालेच असते. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आई-वडील आणि मुलांच्या उंचीत हेच दाखवलं होतं. रस्ते सुरक्षेच्या अभ्यासात एझ्रा हाऊअर यांनी यावर आयुष्यभर काम केलं, आणि त्यांचं आधी-नंतर अभ्यासांवरचं १९९७ चं पुस्तक या विषयाला हात घालण्याआधी वाचायलाच हवं.

आपली 'ब्लॅक स्पॉट'ची व्याख्या बघा : राष्ट्रीय महामार्गाचा सुमारे ५०० मीटरचा तुकडा, जिथे ३ वर्षांत ५ जीवघेणे किंवा गंभीर अपघात झालेत किंवा १० माणसं दगावलीत. म्हणजे जागांची निवडच वाईट वर्षांवरून होते. म्हणून तुलनेसाठी तशाच पण उपाय न झालेल्या जागा लागतात, त्याच काळातल्या, त्याच रस्त्यावरच्या.

वेग मोजणार असाल तर निदान तीन ठिकाणी मोजा : ब्रेकरच्या बराच आधी, ब्रेकरवर आणि ओलांडल्यावर. ब्रेकर गेला की चालक वाया गेलेला वेळ भरून काढायला रेस वाढवतो. ब्रेकरवर मोजलेला कमी वेग गावाच्या पुढच्या टोकाला टिकतोच असं नाही. आणि नोंदी कार, ट्रक, दुचाकी, ट्रॅक्टर अशा वेगळ्या ठेवा.

परदेशी सूत्र वापरताना तोच प्रश्न विचारा जो आपण ४० मीटरला विचारला. स्वीडनच्या गोरान निल्सन यांच्या मांडणीनुसार जीवघेणे अपघात सरासरी वेगाच्या चौथ्या घातात बदलतात. म्हणजे वेग ५ टक्के कमी तर असे अपघात सुमारे १८-१९ टक्के कमी. हे सूत्र तिथल्या रस्त्यांवर वेगमर्यादा बदलल्यानंतरच्या आकड्यांवरून आलंय. एकाच पट्ट्यावर कंटेनर, बैलगाडी आणि शाळकरी पोरं असतील तिथे ते तसंच चालेल हे गृहीत धरू नका, तपासा.

गावाची मागणी चुकीची आहे का?

नाही. गावाला हवाय तो रस्ता ओलांडायचा हक्क, आणि मागतंय ते ब्रेकर, कारण पोलीस उभा नसताना चोवीस तास काम करताना लोकांना दिसणारं तेच एक साधन आहे. लांबूनच जाणीव करून देणारे रंबल पट्टे, पिवळा ब्लिंकर, रात्री चमकणारे फलक, सर्व्हिस रोड, भुयारी मार्ग हे सगळे पर्याय आहेत. ब्रेकरची संहिताही २०१८ मध्ये बदलून शहरी आणि ग्रामीण भागात वाहतूक शांत करण्याच्या सगळ्या उपायांपर्यंत वाढवली गेली. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८ए आलं. रस्त्याची रचना किंवा देखभाल सुरक्षा निकषांप्रमाणे न केल्याने कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कोणत्या गावी यातला कोणता उपाय चालेल हे सांगायला नोंदी लागतात, आणि तिथेच तुमची गरज आहे.

त्यामुळे सिनॉप्सिस लिहिताना "ब्रेकर चांगला की वाईट" असं लिहू नका. असं लिहा : या वेगाच्या, या मिश्र वाहतुकीच्या रस्त्यावर, या आकाराच्या आणि एवढं आधी सूचना देणाऱ्या साधनाने, कोणत्या वाहनाच्या चालकाचं वागणं किती अंतरापर्यंत बदललं? प्रश्न लांबलचक झाला खरा. पण याचं उत्तर घेऊन तुम्ही महामार्गावरच्या कुठल्याही गावच्या ग्रामसभेत उभे राहू शकता, आणि तिथला माणूस तुम्हाला विचारू शकतो, "मग सांगा, आमच्या इथं काय टाकायचं?"