पाऱ्याला आवरणारे सेलेनियम. मात्रा चुकल्यास तेही विषच

शहागड (ता. अंबड) - गोदावरीकाठच्या या गावात काय किंवा मुंबई-पुण्यात काय, पारा म्हटला की तापमापकातील चकाकणारी रेघ डोळ्यांपुढे येते. सेलेनियमचे नाव मात्र फारसे कोणी ऐकलेले नव्हते. ते चर्चेत आले २०२४ च्या अखेरीस. जालन्याला लागून असलेल्या बुलडाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड आदी गावांत नागरिकांचे केस अचानक गळू लागले. काहींना तीन-चार दिवसांत टक्कल पडले. बाधितांची संख्या अडीचशेच्या पुढे गेली.

विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या प्रकाराचा अभ्यास केला. ते मूळचे जालना जिल्ह्यातील देहेडचे. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियमचे प्रमाण कित्येक पटींनी वाढलेले असून, त्याचे मूळ रेशनच्या गव्हात आहे, असा निष्कर्ष त्यांनी २०२५ मध्ये मांडला. त्यांनी तपासून घेतलेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम आढळले. असा ३०० ग्रॅम गहू रोज पोटात गेला, तर चार हजार मायक्रोग्रॅमहून अधिक सेलेनियम शरीरात जाते. प्रौढ माणसाची रोजची गरज सुमारे ४० ते ५५ मायक्रोग्रॅम आणि अमेरिकेत मान्य असलेली कमाल मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळते.

गंधकाचा सख्खा भाऊ

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८१७ मध्ये सेलेनियमचा शोध लावला आणि ग्रीक भाषेतील चंद्राचे नाव त्याला दिले. आवर्तसारणीत ते गंधकाच्या लगेच खाली येते. त्यामुळे दोघांचे गुणधर्म बरेचसे सारखे आहेत. केसांतील प्रथिनांना बळकटी देणारे बंध गंधकाचे असतात. सेलेनियम अति झाले की ते गंधकाची जागा घेते आणि केस व नखे ठिसूळ होतात. पंजाबातील होशियारपूर व नवांशहर परिसरातील काही जमिनींत सेलेनियमचे प्रमाण मुळातच जास्त असून, तेथील पिकांतही ते उतरते.

पाऱ्याची ओढ

पारा आणि गंधक यांचे सख्य आपल्याकडे फार जुने. वैद्यांची कज्जली आणि देव्हाऱ्यातील हिंगूळ, दोन्ही पारा-गंधकाचीच संयुगे. परंतु गंधकापेक्षाही पाऱ्याला सेलेनियमची ओढ कितीतरी अधिक असते. त्यांच्या संयोगातून मर्क्युरी सेलेनाइड तयार होते. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही. त्यामुळे त्यातील पारा शरीरात निष्क्रिय होऊन पडून राहतो. देवमाशांच्या यकृतात या संयुगाचे सूक्ष्म कण सापडले आहेत.

सेलेनियममुळे पाऱ्याची विषबाधा सौम्य होते, हे झेकोस्लोव्हाकियातील पारिझेक आणि ओश्ताद्यालोव्हा यांनी १९६७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. ट्यूना माशातील सेलेनियममुळे मिथिल पाऱ्याची बाधा कमी होते, असे १९७२ मध्ये लाव्यांवरील प्रयोगांत आढळले.

या ओढीची दुसरी बाजू घातक आहे. मेंदू व इतर अवयवांना झिजेपासून वाचवणाऱ्या काही विकरांच्या गाभ्याशी सेलेनियम असते. पारा नेमका तेथेच चिकटतो आणि विकर निकामी होतात. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेल्या आजारात मिथिल पाऱ्याने मज्जासंस्थेची जी हानी केली, तिचे एक कारण हेच असावे, असे अनेक संशोधक मानतात. त्याच गावाच्या नावाने झालेला पाराविषयक आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१८ मध्ये मंजूर केला.

मग गोळ्या घ्याव्यात का?

पाऱ्याच्या भीतीने सेलेनियमच्या गोळ्या मनाने घेणे धोक्याचे ठरते. गरज आणि विष यांतील अंतर थोडे आहे. शिवाय सेलेनियमची सर्व संयुगे सारखी नाहीत. त्यातील डायमिथिल सेलेनाइड पाऱ्याच्या क्षारांसोबत उलट अधिक मारक ठरल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. बहुतेक समुद्री माशांत पाऱ्यापेक्षा सेलेनियम जास्त असते. मात्र मुशीसारख्या मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. गर्भवतींनी व लहान मुलांनी असे मासे टाळून बांगडा, तारलीसारखे छोटे मासे खाणे श्रेयस्कर.

घरात तापमापक फुटल्यास खिडक्या उघडाव्यात, मुलांना दूर न्यावे. झाडू फिरवू नये. जाड कागदाने थेंब गोळा करून झाकणाच्या बाटलीत बंद करावेत. मोरीत सोडू नयेत. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरमागे पाऱ्याकरिता ०.००१ मिलिग्रॅम आणि सेलेनियमकरिता ०.०१ मिलिग्रॅम आहे. पाण्याची तपासणी होते. तशीच ती रेशनच्या धान्याचीही नियमित व्हावी, हा शेगावच्या प्रकरणाचा धडा आहे.