नागपूरच्या वाड्यातील चीजवस्तू आणि लिलावाची भाषा

मराठीत ‘लिलाव’ हा शब्द इतका रुळला आहे की त्याच्या परकेपणाची शंकाही सहसा येत नाही. तो पोर्तुगीजांकडून आला, आणि त्या पोर्तुगीज शब्दाच्या मुळाशी जाहीर घोषणा या अर्थाचा अरबी शब्द असल्याचे मानले जाते. हिंदी-बंगालीतील ‘नीलाम’, मल्याळममधील ‘लेलम’, तमिळमधील ‘एलम’ ही त्याचीच भावंडे. गुजरातीने ‘हराजी’ आणि कन्नडने ‘हराजु’ या रूपांत दुसऱ्याच एका अरबी शब्दाचा वारसा जपला. मराठीने दोन्ही ठेवले आणि त्यांच्यात जणू कामाची वाटणी केली. आठवडी बाजाराचा किंवा चिंचेच्या झाडांचा हर्रास होतो. घरादाराचा मात्र लिलाव निघतो, आणि तो निघणे ही आपल्याकडे नामुष्कीची गोष्ट मानली जाते. जुने फर्निचर, चित्रे, शस्त्रे यांच्या आजच्या गुळगुळीत कागदावरील लिलावसूचींत या नामुष्कीचा मागमूसही नसतो. ती कोठे गेली, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे.

या संस्थेचे आपल्या किनाऱ्यावरील एक जुने वर्णन डच प्रवासी लिन्स्खोतेन याने केले आहे. तो १५८३ मध्ये गोव्यास आला. त्याचा ग्रंथ १५९६ मध्ये प्रसिद्ध झाला. गोव्याच्या सरळ रस्त्यावर सकाळी सात ते नऊ लिलाव चाले. तेथे अरबी घोडे, उंची वस्तू आणि गुलाम स्त्रीपुरुष विकले जात. कोणी मरण पावला की त्याची सारी चीजवस्तू तेथे आणून विकण्याचा दंडक होता, मग तो प्रत्यक्ष व्हाइसरॉय का असेना. विधवा आणि पोरक्या मुलांना न्याय मिळावा, हे त्याचे कारण तो नोंदवतो. म्हणजे लिलाव हा तेथे मृताच्या कुटुंबाच्या हिताचा उपाय होता, किमान तसा सांगितला जात होता.

हेच कारण अडीच शतकांनंतर नागपुरात वेगळ्या तोंडून पुढे आले. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारस न ठेवता निवर्तले. १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. राज्याबरोबर जडजवाहीर, फर्निचर, हत्ती-घोडे यांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. डलहौसीचे म्हणणे असे, की या संपत्तीवर सरकारचा अधिकार आहे. राण्यांना त्यांच्या दर्जास शोभेल इतके ठेवून उरलेल्या जवाहिराचे पैसे करावेत आणि त्यातून भोसले कुटुंबासाठी निधी उभारावा. मराठी दरबारांना खासगी आणि दौलत हा भेद अपरिचित नव्हता. होळकरांकडे त्यांचे हिशेबच वेगळे असत. पण हा भेद कोठे करायचा हे येथे घरच्यांनी ठरवले नाही.

पुढील हकीकत जॉन विल्यम के याने १८५७ च्या उठावावरील आपल्या इतिहासाच्या पहिल्या खंडात (१८६४) दिली आहे. सीताबर्डीवर जनावरे विक्रीस निघाली. हत्ती, उंट, घोडे, बैल मिळून पाचशे ते सहाशे जनावरांचे १३०० पौंड आले. तेव्हाच्या दराने हे सुमारे १३,००० रुपये होतात. म्हणजे एका जनावरामागे सरासरी बावीस ते सव्वीस रुपये, आणि त्यांत हत्तीही होते! राण्यांनी कमिशनरकडे निषेध नोंदवला आणि गव्हर्नर जनरलकडे अर्ज केला. दोनशे रुपये किमतीची गाडीची बैलजोडी पाच रुपयांस गेली, अशी त्यांत तक्रार आहे.

के याने या अर्जाच्या इंग्रजीची थट्टा केली आहे. वाड्याला जमेल तितके चांगले इंग्रजी, असा त्याचा शेरा. पुढच्या वाचकांचे लक्षही बहुधा त्या मोडक्या वाक्यरचनेकडेच गेले असावे. मला मात्र तो अर्ज त्या प्रकरणातील सर्वांत नेमका मजकूर वाटतो. त्यात विलाप नाही. एका ओळीत दोन आकडे शेजारी ठेवले आहेत: घराने केलेले मोल आणि बोलीने ठरवलेली किंमत. ज्या भाषेत विक्री झाली त्याच भाषेत हिशेब मांडण्याचा तो प्रयत्न आहे, आणि व्याकरण चुकले तरी हिशेब चुकलेला नाही.

वाड्यातील फर्निचर हलवू लागले तेव्हा वृद्ध बाकाबाई, म्हणजे दुसऱ्या रघूजींच्या विधवा, हलवाल तर वाडा पेटवून देईन, असे म्हणाल्याचे के सांगतो. जनावरांच्या विक्रीवर अर्ज झाला. फर्निचरवर मात्र आगीची भाषा आली. घरात वावरलेल्या वस्तूंशी असलेले नाते किमतीच्या तक्रारीत मावत नाही, एवढे तरी यातून कळते. फर्निचर शेवटी हलवलेच. जवाहीर, थोडे वगळून, कलकत्त्याला गेले आणि तेथे हॅमिल्टन कंपनीमार्फत विकले गेले. पुढे १८६४ मध्ये वाडाही आगीत गेला. नगारखाना तेवढा राहिला.

या घराण्याचे नाव लिलावात पुन्हा ऐकू आले ते २९ एप्रिल २०२५ रोजी, लंडनच्या सदबीजमध्ये. पहिल्या रघूजींची तलवार तेथे विक्रीस होती. महाराष्ट्र शासनाने ती मध्यस्थामार्फत घेतली. खर्च ४७ लाख १५ हजार रुपये सांगितला गेला. १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईत पोहोचली. तिचे पाते युरोपीय घडणीचे आहे आणि त्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघूजींचे नाव, सेनासाहेबसुभा हा किताब आणि ‘फिरंग’ हा शब्द कोरला आहे. परदेशी पात्याच्या तलवारीला मराठे फिरंग म्हणत. समुद्रावरून आलेल्या पात्याला आणि समुद्रावरूनच आलेल्या ‘लिलाव’ या शब्दाला मराठीने सारख्याच सहजतेने आपले करून घेतले होते.

सूचीकाराला मालकाचे नाव देता आले ते या अक्षरांमुळे. सीताबर्डीवर पाच रुपयांस गेलेल्या बैलजोडीची ओळख राण्यांच्या अर्जातील एका वाक्यात तरी उरली आहे. बाकाबाईंच्या फर्निचरवर कोणाचे नाव कोरलेले नव्हते. ते आज कोणत्या दिवाणखान्यात असेल तर तेथे ते केवळ एकोणिसाव्या शतकातील भारतीय काम असेल.