शिरगणतीच्या यंत्राची घंटा

श्रोतेहो, शिरगणतीचे गुरुजी दारात येतात, नाव-वय-धंदा विचारतात, पत्रक भरून निघून जातात आणि आपण पुन्हा कामाला लागतो. पण त्या पत्रकाचं पुढं होतं काय? कोट्यवधी माणसांची बेरीज करायची कुणी, आणि किती दिवसांत? या कोड्याला यंत्राची जोड प्रथम मिळाली ती अमेरिकेत. ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

1880 साली तिथली वस्ती सुमारे 5 कोटी होती. कारकुनांनी सारी पत्रकं हातानं चाळली. पुरा तपशील हाती यायला जवळजवळ आठ वर्षं गेली! पाळण्यातलं पोर शाळेत जाऊ लागलं, तरी आकडे तयार नाहीत. शिळी भाकरी निदान पोटात तरी जाते. शिळ्या आकड्यांचं करायचं काय?

त्या कामावर हर्मन हॉलरिथ नावाचा एक तरुण होता. आगगाडीतला तपासनीस प्रवाशाचे केस, डोळे, नाक कसे आहेत ते तिकिटाला भोकं पाडून टिपून ठेवी, हे त्यानं पाहिलं होतं. त्यानं तीच युक्ती उचलली. एका माणसाचं एक कार्ड. बाई की पुरुष, वय काय, धंदा कोणता, प्रत्येक उत्तराला ठरलेल्या जागी भोक. कार्ड यंत्रात ठेवून दांडा दाबला की वरच्या टाचण्या खाली येत. भोक असेल तिथली टाचणी आरपार जाऊन वाटीतल्या पाऱ्याला टेके, वीज वाहू लागे आणि तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरके. कार्ड नीट वाचलं गेलं, की घंटा वाजे.

1890 च्या शिरगणतीत ही यंत्रं लागली. वर्ष सरण्याआधीच एकूण आकडा जाहीर झाला: सुमारे 6 कोटी 26 लाख. याहून मोठ्या आकड्याची आशा धरणाऱ्यांनी यंत्रावरच शंका घेतली!

आपल्याकडे 1951 साली देखील माणसांच्या चिठ्ठ्या हातानंच निवडल्या जात. 2001 साली मात्र पत्रकांवरचं हस्ताक्षर संगणकानं वाचलं. आता 2027 च्या जनगणनेसाठी मोबाईलवरच माहिती भरण्याची योजना आखली आहे.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हॉलरिथची घंटा एवढंच सांगे, की कार्ड वाचलं. कार्डावरचं उत्तर खरं की खोटं, ते तिला ठाऊक नसे. दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईबद्दल घरातला कर्ता म्हणतो, “ती काही करत नाही, घरीच असते.” गुरुजींनी तसंच लिहिलं, तर आजचं यंत्रही ते निमूटपणे मोजतं आणि क्षणात देशाच्या हिशेबात मांडतं. तिचे कष्ट मात्र हिशेबाबाहेरच राहतात.

तेव्हा गुरुजी, दारात उभे असाल तेव्हा घाई करू नका. प्रश्न त्या बाईलाच विचारा. तिथं चुकलेलं पुढं कुठलंच यंत्र सुधारत नाही.