ताडोबाचे यात्रेकरू आणि पर्यटक

वरोरा येथील कोळशाच्या खाणींसाठी वर्ध्याहून लोहमार्ग आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांदा जिल्ह्याचा हा भाग बाहेरच्या जगाशी जोडला गेला. तथापि वरोऱ्याच्या पूर्वेस, शेगावच्या पलीकडे चिमूरच्या डोंगरांत असलेल्या ताडोबा तलावाची वाट त्यापूर्वीच पडलेली होती. ती यात्रेकरूंची होय. आज त्याच तलावाकडे पर्यटक येतात. या दोन पाहुण्यांचे अरण्यातील गावांशी असलेले नाते कसे पालटले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

चार्ल्स ग्रँट यांनी संपादिलेल्या मध्यप्रांताच्या गॅझेटियरात (१८७०) या तलावाची दंतकथा नोंदली आहे. तहानेने व्याकूळ झालेल्या वऱ्हाडातील वधूवरांनी भूमी उकरली आणि पाणी उसळून तलाव झाला. पुढे यात्रेकरूंना लागणारी भांडी तलावच देई. वापरून, धुऊन ती परत करावयाची. एकाने ती घरी नेली. तेव्हापासून हे देणे थांबले. ही कथा इतिहास नव्हे. परंतु यजमानाचे देणे परतफेडीच्या अटीवर टिकते, ही लोकधारणा तीत स्पष्ट उमटली आहे. गोंडांच्या परंपरेत तारू हा वाघाशी झुंजताना मरण पावलेला गावप्रमुख असून, तलावाकाठी वृक्षाखाली त्याचे स्थान आहे. पौषातील यात्रा त्याचीच.

यात्रेकरूच्या दृष्टीने तलाव, देव आणि गाव ही एकच वस्तू होती. राज्यसंस्थेने त्यांची फारकत केली. १९३५ मध्ये येथे शिकारीस बंदी झाली. १९५५ मध्ये, म्हणजे चांदा जिल्हा मध्यप्रदेशात असतानाच, सुमारे ११६ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य घोषित झाले आणि १९९५ मध्ये दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. वाघाच्या रक्षणार्थ हे आवश्यक होते, हे नाकारता येणार नाही.

परंतु त्याचा भार कोणावर पडला, हेही पाहिले पाहिजे. २००७ पासून बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी येथील कुटुंबे बाहेर वसविण्यात आली. पुनर्वसन ऐच्छिक असावे व ग्रामसभेची संमती घ्यावी, असे २००६ चे कायदे सांगतात. २००८ पासून प्रतिकुटुंब दहा लाख रुपयांची योजनाही होती. मात्र रकमेत जमिनीचा हिशेब बसतो, देवस्थानाचा बसत नाही. उलट मोहर्लीसारख्या प्रवेशद्वारावरील गावांत वाटाडे, वाहनचालक, निवासव्यवस्था असे नवे व्यवसाय उभे राहिले. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभाक्षेत्रातील पर्यटन तात्पुरते थांबविले आणि ऑक्टोबरात ते नियमांसह पुन्हा सुरू झाले. द्वार बंद झाले की द्वारावरील गावाची चूलही अडते, हे त्या काळात कळून आले.

सारांश, एकाच अरण्याने एका गावाला उठविले आणि दुसऱ्याला पोसले. पर्यटनाने गावांना काय दिले, एवढाच प्रश्न अभ्यासकाने विचारून भागणार नाही. ज्यांनी गाव सोडले त्यांना पौषात तारूच्या दर्शनास हक्काने येता येते की पाहुणे म्हणून, हेही विचारले पाहिजे. तलावाची भांडी परत करण्याची जबाबदारी आता आलेल्या पाहुण्यांवर आहे.