व्यक्तिअभ्यासाचे मूल्यमापन (शिक्षक-शिक्षण)

छात्राध्यापकाने एका विद्यार्थ्याचे काही आठवडे जवळून निरीक्षण करायचे, त्याची शिकण्यातली अडचण ओळखायची, तिच्यावर काही उपाय करून पाहायचा आणि हे सारे लिहून काढायचे, या प्रात्यक्षिकाला व्यक्तिअभ्यास म्हणतात. बी.एड. आणि डी.एल.एड.च्या वर्गांत त्याला सर्रास ‘केस स्टडी’ म्हणतात. या अहवालाला गुण कशाचे द्यायचे, कोणी द्यायचे आणि कोणत्या पुराव्यावर द्यायचे, हा या नोंदीचा विषय आहे. उदाहरणे सोलापूर जिल्ह्याच्या परिस्थितीतून घेतली आहेत. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांची घरे आणि चार माध्यमांच्या शाळा एकाच शहरात असल्यामुळे व्यक्तिअभ्यासाचा कस येथे फार लवकर लागतो.

याच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे वर सांगितलेला, मुलावर लिहिलेला अहवाल. दुसरी म्हणजे वर्गातला एखादा पेचाचा प्रसंग लिहून त्यावर चर्चा घडवणे. ही पद्धत कायद्याच्या शिक्षणातून आली. हार्वर्डच्या विधी महाविद्यालयात ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल यांनी 1870 पासून न्यायालयीन निकाल वाचून कायदा शिकवायला सुरुवात केली. शिक्षकांच्या बाबतीत ली शुलमन यांनी 1985 च्या एका भाषणात (ते 1986 मध्ये छापले गेले) असे मांडले की शिक्षकाचे ज्ञान केवळ सिद्धांतांचे नसते, प्रकरणांचेही असते. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत मात्र पहिला प्रकारच रुजला आहे, म्हणून येथे त्याचाच विचार केला आहे.

मुलाकडे बारकाईने पाहून शाळाच बदलण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कोसबाडच्या कामात आदिवासी मुले शाळेत येत नाहीत याचे कारण मुलांच्या स्वभावात शोधले गेले नाही. मुले गुरे राखायला जातात हे पाहिले गेले आणि शाळाच कुरणावर नेली गेली. ती कुरणशाळा. निरीक्षणातून निष्कर्ष आणि निष्कर्षातून शिकवण्यात बदल, ही साखळी तिथे पुरी झाली. व्यक्तिअभ्यास तपासणाऱ्याने हीच साखळी शोधायची असते.

अभ्यासक्रमातील स्थान : राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शालेय आंतरवासिता 20 आठवड्यांची झाली. त्यांतले 4 आठवडे पहिल्या वर्षी आणि 16 आठवडे दुसऱ्या वर्षी. सराव पाठापुरते शाळेत जाऊन परतणाऱ्या छात्राध्यापकाला आता एकाच मुलाला महिनोन्‌महिने पाहता येते. अंतर्गत मूल्यमापनासाठी निरीक्षण-नोंदी, दैनंदिनी, स्वाध्याय यांचा आधार घेता येईल, आणि आपले गुण विद्यार्थ्याला सुधारणेसाठी कळले पाहिजेत, असेही या नियमांत आहे. दुसरी अट कागदावरच राहता कामा नये. वर्षाअखेरीस गठ्ठ्याने तपासलेल्या फायलीचा सुधारणेसाठी काही उपयोग होत नाही.

सोलापूर जिल्ह्यातली शिक्षणशास्त्र महाविद्यालये पूर्वी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. 2004 मध्ये सोलापूर विद्यापीठ झाले आणि 2019 मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था (डाएट) माळशिरस तालुक्यात वेळापूरला आहे. विद्यापीठ एकाच जिल्ह्याचे असल्यामुळे एक मोठी सोय आहे. सगळ्या महाविद्यालयांचे परीक्षक एकाच दिवशी एका टेबलाभोवती बसू शकतात. या सोयीचा उपयोग कसा करता येईल ते पुढे येईल.

दोन फायली : नमुन्यादाखल एक मुलगी डोळ्यांसमोर आणू. सोलापूरच्या पूर्व भागातली, मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीत शिकणारी. घरी तेलुगू बोलतात. आई विड्या वळते. गणिताच्या तासाला मुलगी गप्प बसते आणि तोंडी सांगितलेले आकडे चुकीचे लिहिते.

एका फाइलमध्ये असे लिहिलेले असते : ‘विद्यार्थिनी लाजाळू आहे. अभ्यासात लक्ष नाही. पालक अशिक्षित असून घरचे वातावरण शैक्षणिक नाही. उपाय – प्रेमाने समजावून सांगितले. विद्यार्थिनीत लक्षणीय प्रगती दिसून आली.’ अक्षर सुंदर, मुखपृष्ठ रंगीत, आलेख दोन, छायाचित्रे चार. ही पाच वाक्ये कोणत्याही मुलीच्या फाइलमध्ये घातली तरी चालतात, आणि हाच त्यांचा दोष आहे.

दुसऱ्या फाइलमध्ये मुलीच्या चुका जशाच्या तशा उतरवलेल्या असतात. ‘त्रेपन्न’ सांगितले, तिने 35 लिहिले. ‘एकोणसाठ’ सांगितले, 61 लिहिले. ‘चाळीस’, ‘सत्तर’ बरोबर. फळ्यावर लिहिलेली बेरीज बरोबर. छात्राध्यापिका येथे थांबते आणि विचारते, चूक फक्त ऐकून लिहितानाच का होते? मराठीत एकक आधी उच्चारला जातो : त्रेपन्न म्हणजे आधी तीन, मग पन्नास. एकोणसाठात तर ‘एक’ आणि ‘साठ’ दोन्ही ऐकू येतात आणि संख्या मात्र साठाच्या अलीकडची असते. तेलुगूत दशक आधी येतो : 53 ला ‘याभै मूडु’, 59 ला ‘याभै तोम्मिदि’, म्हणजे पन्नास नऊ. अक्कलकोट भागातल्या कन्नड घरांतही 59 ला ‘ऐवत्तोंबत्तु’, तेही पन्नास-नऊच. मुलगी बेफिकीर नाही. तिच्या चुकीला नियम आहे.

मग छात्राध्यापिका एका संध्याकाळी घरी जाते. आईने वळलेल्या विड्यांचे कट्टे मुलगी मोजत असते, तेलुगूत, न चुकता. विडीची मजुरी हजारावर मिळते, त्यामुळे या घरात हजारापर्यंतची मोजणी रोजच होते. ‘घरचे वातावरण शैक्षणिक नाही’ हे वाक्य लिहिण्याआधी हे पाहिलेले असावे लागते.

ही अडचण केवळ तेलुगू-कन्नड घरांची आहे असेही नाही. जून 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘पन्नास तीन’ अशा वाचनाचा पर्याय आला तेव्हा मराठी भाषेचे काय होणार, यावर महाराष्ट्रभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांची बाजू अशी होती की लहान मुलांना जोडाक्षरी संख्यानामे अवघड जातात. व्यक्तिअभ्यास लिहिणारीने या वादाचा उल्लेख केला तर एका मुलीची चूक आणि राज्याचे पाठ्यपुस्तक यांचा धागा तिला दिसला, असे परीक्षकाने समजावे.

गुण कशाचे : या दोन फायलींना वेगळे गुण मिळतीलच अशी खात्री प्रचलित गुणपत्रकांत नसते. ‘प्रस्तावना, उद्दिष्टे, माहिती संकलन, विश्लेषण, निष्कर्ष, मांडणी’ असे सहा रकाने आणि प्रत्येकाला सारखे गुण असतील, तर पहिली फाइलही रकाने भरते. 25 गुणांचा अभ्यास असेल तर निम्म्याहून अधिक गुण दोनच गोष्टींना असावेत : निरीक्षण किती नेमके आहे, आणि निष्कर्ष त्या निरीक्षणावर टेकलेला आहे का. नेमके निरीक्षण ओळखण्याची खूण सोपी आहे. त्यात तारीख असते, मुलाचे शब्द असतात, मुलाने काढलेला आकडा किंवा अक्षर असते. ‘लाजाळू’, ‘हुशार’, ‘आळशी’ ही विशेषणे निरीक्षणे नाहीत. ती निकाल आहेत, आणि साक्षीपुरावा न ऐकता दिलेले.

उरलेल्या गुणांत छात्राध्यापकाने स्वतःच्या शिकवण्यात काय बदलले याला मोठा वाटा हवा. वरच्या उदाहरणात छात्राध्यापिका आकडा आधी दशकाने, मग मराठी नावाने सांगते, मुलीला तो तेलुगूत पुन्हा म्हणू देते आणि पुढच्या आठवड्यात तेच आकडे पुन्हा विचारते. काय सुधारले आणि काय नाही, दोन्ही लिहिते. एकोणसाठ अजून चुकतो, असे लिहिले तर गुण कापू नयेत. मुलाच्या प्रगतीवर गुण दिले की फायलींमध्ये ‘लक्षणीय प्रगती’ पिकते. प्रगती हा मुलाचा हक्क आहे. छात्राध्यापकाच्या गुणांसाठी ती अट बनली तर खोटे लिहिण्याला आपणच बक्षीस देतो.

अपूर्ण राहिलेल्या अभ्यासाबाबतही उदार असावे. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि ऊसतोड कुटुंबांबरोबर मुले येतात, जातात. निवडलेले मूल तिसऱ्या आठवड्यात निघून गेले तर तेथपर्यंतच्या नोंदी पूर्ण किमतीच्या धराव्यात. घाईघाईने दुसरे मूल शोधून तारखा जुळवायला लावू नये.

निदानाची मर्यादा : ‘मुलाला डिस्लेक्सिया आहे’ असे लिहिण्याचा अधिकार छात्राध्यापकाला नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, पण तिचे प्रमाणपत्र देणे हे नेमलेल्या वैद्यकीय मंडळाचे काम आहे. फाइलने ‘ब आणि व यांत गल्लत, दहापैकी सात वेळा’ एवढे लिहावे आणि तपासणीची शिफारस करावी. अक्षमतेचे नाव न घेता लक्षण नेमके सांगणाऱ्याला अधिक गुण मिळावेत.

मुलाचे खरे नाव, पत्ता आणि चेहरा दिसणारे छायाचित्र फाइलमध्ये नसावे. महाविद्यालयांत छायाचित्रांना पुरावा मानण्याची सवय आहे, ती या कामापुरती सोडावी. घरभेटीत किंवा बोलण्यात लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणे प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे. अशा वेळी छात्राध्यापकाने ताबडतोब मार्गदर्शकाला आणि मुख्याध्यापकांना सांगावे. त्यांना सांगितल्याने कायद्याची जबाबदारी संपत नाही. तो मजकूर गुणांसाठीच्या फाइलमध्ये येता कामा नये, आणि त्यामुळे फाइल अर्धवट राहिली तर तिचे गुणही जाता कामा नयेत.

अस्सलपणा : सिनियरची फाइल उतरवणे हा जुना रोग आहे, यंत्राकडून मजकूर लिहून घेणे हा नवा. दोन्हींवर इलाज एकच, कच्ची वही. वर्गात बसून पेन्सिलीने, घाईत, खाडाखोड करत लिहिलेल्या नोंदी फाइलसोबत जोडायला सांगाव्यात आणि त्यांना वेगळे गुण ठेवावेत. तोंडी परीक्षेत उद्दिष्टे पाठ म्हणायला लावण्यापेक्षा ‘मुलगी कोणत्या बाकावर बसते? शेजारी कोण?’ असे विचारावे. ज्याने पाहिले आहे त्याला हे आठवावे लागत नाही.

परीक्षकांमधील फरक : 1912 मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतल्या, तेव्हा एका पत्रिकेला 100 पैकी 50 पासून 97 पर्यंत गुण पडले. व्यक्तिअभ्यास हे त्याहून सैल लेखन आहे. उपाय खर्चिक नाही. आंतरवासिता संपण्यापूर्वी चार-पाच फायलींच्या प्रती, नावे झाकून, सर्व परीक्षकांनी स्वतंत्रपणे तपासाव्यात, मग एकत्र बसून जिथे गुणांत मोठे अंतर आहे त्याच फाइलवर बोलावे. एका जिल्ह्याच्या विद्यापीठाला हे एका दुपारीत जमते. सरावशाळेतील वर्गशिक्षकही त्या बैठकीत हवा, कारण मुलाला तोच रोज पाहतो. जिथे मुलाच्या घरची भाषा परीक्षकाला येत नाही, तिथे ती येणारा एक जण सोबत असावा. तेलुगूतली मोजणी ऐकू न येणारा परीक्षक वरची दुसरी फाइल वाचून फक्त ‘बरी’ म्हणेल.

फाइलचे पुढे : तपासलेली फाइल महाविद्यालयाच्या कपाटात जाते आणि ठरलेल्या मुदतीनंतर रद्दीत. ज्या मुलावर ती लिहिली, त्याच्या शाळेला तिच्यातले काही मिळत नाही. म्हणून प्रत्येक व्यक्तिअभ्यासासोबत वर्गशिक्षकासाठी एक पान लिहून घ्यावे आणि त्या पानालाही गुण असावेत. पूर्व भागातल्या त्या मुलीच्या पानावर तीन ओळी पुरतात : आकडा सांगताना आधी दशक सांगा, एकोणतीस, एकोणसाठ यांसारखे आकडे वेगळे घ्या, तिला तेलुगूत हजारापर्यंत मोजता येते, एकदा वर्गासमोर मोजू द्या.