बदली कामगार आणि बिननावाचं फंक्शन

आजचा भाग थेट परळमधून. माझं ऑफिस एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे आणि माझे आजोबा याच भागातल्या एका गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे कायम कामगार आला नाही, तर त्याच्या साच्यावर उभा राहणारा माणूस. भोंग्याच्या वेळी हे लोक गेटवर जमायचे. जॉबर बोट दाखवेल तो आत, बाकीचे घरी. नाव कोण विचारतो? काम येतं ना, मग झालं.

सी शार्पमधला डेलिगेट साधारण असाच. 2002 च्या पहिल्या आवृत्तीपासून तो आहे. आत काय येणार आणि बाहेर काय जाणार, एवढंच तो ठरवतो. त्या मापात बसणारं कुठलंही फंक्शन त्याला चालतं. पण तेव्हा प्रत्येक मापासाठी वेगळा डेलिगेट जाहीर करावा लागे आणि फंक्शनला नाव द्यावंच लागे. 2005 मध्ये जेनेरिक्स आणि अनामिक मेथड एकदमच आल्या. 2007 मध्ये लॅम्डा आणि 'फंक' आले. आता 'आत ऑर्डर, बाहेर हो किंवा नाही' हे माप एका ओळीत सांगायचं आणि बिननावाचं फंक्शन तिथल्या तिथे लिहून मोकळं व्हायचं. लॅम्डा हे नाव मात्र जुनं, अलोन्झो चर्च यांच्या 1930 च्या दशकातल्या गणितातलं. जावात लॅम्डा यायला 2014 उजाडलं.

सोय मस्त आहे, पण मी तिथेच आपटलो. एका स्क्रीनच्या इव्हेंटला मी लॅम्डा जोडला होता. स्क्रीन बंद करताना तोच लॅम्डा पुन्हा लिहून काढून टाकला. म्हणजे मला तसं वाटलं! अक्षर न् अक्षर तेच असलं, तरी ते वेगळंच फंक्शन होतं. जुनं जोडलेलंच राहिलं. बंद केलेल्या स्क्रीन मेमरीत साचत गेल्या आणि ॲप रडायला लागलं. उपाय साधा होता: लॅम्डा आधी एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचा. ज्याला नाव नाही, त्याला नंतर हाक मारून बाहेर कसं बोलावणार?

गिरणीवाल्यांनाही हा धडा मिळाला होता. 1935 मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण पद्धत आणली. दर महिन्याच्या एक तारखेला ठरावीक लोकांना बदली कार्डं मिळायची, आणि रोजच्या रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. निदान गेटवरच्या गर्दीतल्या काहींची तरी नोंद झाली. पण नोंद म्हणजे कायम नोकरी नव्हे. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, तेव्हा बदल्यांना कायम करा, हीही एक मागणी होती. आजोबा कायम झालेच नाहीत.

गंमत म्हणजे, आपण नाव दिलं नाही तरी कंपायलर अनामिक फंक्शनला आतून एक वेडंवाकडं नाव देतोच. एरर आली की तेच दिसतं, आणि आपल्याला ते ओळखू येत नाही. म्हणून माझा नियम ठरलाय: एकदाच वापरून सोडायचं काम असेल तर बिननावाचं चालेल. पण जे रोज हजेरी लावणार आहे, त्याला नाव द्या.

भेटू पुढच्या भागात. तोवर कोड नीट लिहा, आणि घरच्या म्हाताऱ्यांना त्यांच्या पाळीचे किस्से नक्की विचारा.